नवव्या मजल्यावरचं सिंगापूर

परतूरला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्यावर माझं बी-बियाण्याचं आणि खता-औषधाचं दुकान आहे. या दुकानानं मला दोन गोष्टी दिल्या. एक पाठदुखी आणि दुसरी इंग्रजी. हसू नका. कीटकनाशकाच्या डब्यांवरचा मजकूर वाचून वाचून मी इंग्रजी शिकलो. 'शेक वेल बिफोर यूज', 'कीप अवे फ्रॉम चिल्ड्रन', 'इन केस ऑफ पॉयझनिंग कॉल अ डॉक्टर'. एवढ्या भांडवलावर मी सासरवाडीत इंग्रजीचा जाणकार म्हणून मिरवायचो. आणि एवढ्याच भांडवलावर एकदा सिंगापूरला जाऊन आलो. औषधाच्या डब्यावर विषाची लाल खूण छापलेली असते. तशी एक माझ्या कपाळावर असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

मला नेलं ते माझ्या साडूभाऊंनी. माझ्या बायकोची थोरली बहीण, आक्का, त्यांना दिलेली. घनसावंगीला त्यांची बागायत शेती आणि माझ्यासारखंच बियाण्याचं दुकान. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, टोपी आणि कमरेला तंबाखूची चंची. माणूस इतका सरळ की गिऱ्हाईकाला स्वतःच सांगायचे, "हे बी तुमच्या जमिनीला जमायचं न्हाई, पलीकडच्या दुकानात जावा." आणि तरीही त्यांचा माल माझ्या दुप्पट खपायचा. हे गणित मला आजही सुटलेलं नाही.

बियाण्याच्या कंपन्यांची एक पद्धत असते. हंगामात ठरवून दिलेल्या पिशव्या विकल्या की दुकानदाराला बक्षीस. आधी भिंतीवरचं घड्याळ यायचं, मग मिक्सर आला, मग कूलर. नव्वदीच्या शेवटी-शेवटी कंपन्यांच्या अंगात आलं आणि बक्षीस म्हणून परदेश सुरू झाला. त्या वर्षी टार्गेट गाठणाऱ्याला जोडीनं सिंगापूर होतं. साडूभाऊंनी टार्गेट गाठलं. माझं थोडक्यात हुकलं. थोडक्यात म्हणजे निम्म्यानं.

जोडीनं जायचं म्हटल्यावर आक्का ठाम नाही म्हणाल्या. "तिथं ताक मिळत न्हाई म्हणतेत. अन् त्या इमानात बसून मी काय करू? साडूला न्या, त्यांला इंग्रजी येतंय."

"बराबर हाय," साडूभाऊ म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "चला साडू. तिथं माझी जीभ म्हंजे तुम्ही."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. माझं लक्ष बुटांकडं होतं. जालन्याला मस्तगडात जाऊन मी काळे बूट घेतले, एक नंबर लहान, कारण दुकानदार म्हणाला की कातडं पायात सैल होतं. ते खरोखर सैल झालं. पण सिंगापूरहून आल्यावर, दोन महिन्यांनी.

आम्ही तीसेक दुकानदार होतो, बहुतेक मराठवाड्यातले, काही वऱ्हाडातले. विमानात आमच्या पुढच्या रांगेत सोनेरी चष्मा घातलेला एक वऱ्हाडी दुकानदार बसला होता. त्यानं मान वळवून मला विचारलं, "तुमच्या किती पिशव्या झाल्या, भाऊ?" मी आकडा फुगवायला तोंड उघडलं, तेवढ्यात साडूभाऊ मोकळ्या मनानं म्हणाले, "त्यांचं टार्गेट हुकलं वो. आमच्या घरच्यांच्या तिकिटावर आलेत. पण इंग्रजी? फाडफाड!"

सोनेरी चष्मा म्हणाला, "म्हणजे वहिनी आल्या म्हणायच्या!"

अर्धं विमान हसलं. त्यानंतर मी त्या टोळीत वहिनी झालो. "वहिनी, पाणी घ्या." "वहिनी, खिडकी पाहिजे का?" साडूभाऊही हसत होते, कारण त्यांना त्यात लागण्यासारखं काहीच दिसत नव्हतं. ते खरं बोलले होते. माझ्या मात्र डोक्यात बूट चावायला लागला.

सिंगापूरला उतरलो तेव्हा सकाळ होती. बस निघाली आणि सगळ्यांची तोंडं खिडकीकडं वळली. रस्ता ताटासारखा लख्ख. कडेची झाडं एका उंचीची, जणू पहाटे कुणीतरी सगळ्यांची हजेरी घेऊन गेलं असावं. हॉर्न नाही, धूळ नाही, रस्त्यात बसलेली गाय नाही. परतूरला स्टेशनपासून मोंढ्यापर्यंत यायचं तर मी तीन वेळा चिखल, दोन वेळा बैलगाडी आणि एकदा तरी ओळखीचा माणूस चुकवतो. इथं चुकवायला काही नव्हतंच.

बसमध्ये गाइड म्हणून एक सावळी, तरतरीत तमिळ मुलगी होती. माईक घेऊन ती इंग्रजीत शहराचे नियम सांगू लागली. रस्त्यात थुंकायचं नाही, दंड. कचरा टाकायचा नाही, दंड. च्युइंगम आणायचंच नाही. दिवा लाल असताना रस्ता ओलांडायचा नाही. रेल्वेत खायचं-प्यायचं नाही. मला निम्मं कळलं, पण 'फाइन' हा शब्द इतक्यांदा आला की बाकीचं आपोआप लागलं.

"काय म्हणून राह्यली ती पोरगी?" साडूभाऊंनी विचारलं.

मी एकेक नियम नीट सांगितला. इथपर्यंत मी इमानी होतो. मग त्यांनी कमरेला हात लावून हळूच विचारलं, "अन् तंबाखू?"

तंबाखूबद्दल ती मुलगी चकार शब्द बोललेली नव्हती. पण पुढच्या सीटवरून तेवढ्यात आवाज आला, "वहिनी, भाऊजींना नीट समजावा बरं!" आणि माझ्या आतला बूट पुन्हा चावला.

"तंबाखूला दंड नाही," मी म्हणालो.

साडूभाऊंचा चेहरा फुलला.

"फटके आहेत. भिजवलेल्या वेताचे. उघड्या पाठीवर. नुसता तोंडाला वास आला तरी."

त्यांचा हात कमरेवरून असा निघाला, जसा तव्यावरून निघतो. मला थांबता आलं असतं. पण चांगली जमलेली थाप आणि उताराला लागलेली सायकल, दोन्हींना मी आयुष्यात कधी वेळेवर ब्रेक लावलेला नाही. मी पुढं म्हणालो, "आणि एकानं चूक केली की सगळी टोळी वापस. त्याच दिवशी."

"सगळी?"

"सगळी. कंपनीचं नावही काळ्या यादीत."

रात्री जेवताना खरं सांगायचं आणि दोघांनी पोट धरून हसायचं, असा माझा बेत होता. पण जेवायला सोनेरी चष्म्यानं मला त्याच्या टेबलावर बोलावलं. तिथं मी परतूरच्या मोंढ्यातले किस्से सांगितले, टेबल हसलं आणि मी वहिनीचा पुन्हा भाऊ होऊ लागलो. नवव्या मजल्यावरच्या खोलीत गेलो तेव्हा उशीर झाला होता. साडूभाऊ जागे होते. मोकळी चंची धुऊन खुर्चीच्या पाठीवर वाळत घातली होती.

"सगळी तंबाखू संडासात सोडली," ते कुजबुजले. "पाच बार पाणी सोडलं. वास तं न्हाई ना येत?"

पाच दिवसांची तंबाखू होती ती. आता खरं सांगावं तर आधी शिव्या खाव्या लागणार, मग या अनोळखी गावात तंबाखू शोधावी लागणार. सकाळी सांगू, असं म्हणून मी झोपलो.

सकाळी ते आंघोळ करून, टोपी घालून माझ्याबरोबर खाली आले. हॉटेलच्या दालनातली फरशी अशी होती की तिच्यात आपलंच तोंड दिसावं. साडूभाऊंनी खाली पाहिलं, जागीच थांबले आणि हातरुमाल तोंडाला लावला.

"मी वर जातो साडू."

"का? बस लागलीय."

"चाळीस वर्साची सवय हाय. तंबाखू न्हाई तरी तोंडात पाणी यायलंय. तोंडाला काय कळतंय, हे कोणतं गाव हाय? एखाद्या टायमाला निघून गेली पिचकारी, तं माझी पाठ जाऊ द्या, तुमची सगळ्यांची सहल जाईल. तुम्ही जा. मी बसतो."

मी म्हणालो, "अहो, तसं काही नसतं."

"न्हाई न्हाई. तुम्हीच तं सांगितलं." असं म्हणून ते लिफ्टकडं गेले. लिफ्टमध्ये कोणतं बटण दाबायचं हे त्यांना माहीत नव्हतं. मी जाऊन नऊ नंबर दाबला. दार बंद होताना त्यांनी हात वर केला, एस.टी.त बसलेला माणूस करतो तसा. खरं सांगायची ती वेळ होती. बस उभी होती, टोळी माझ्याकडं बघत होती आणि सगळ्यांसमोर मी खोटारडा ठरलो असतो. मी बसमध्ये चढलो आणि सांगितलं, "साडूभाऊंना जरा बरं नाही."

त्या दिवशी मी बरंच शहर पाहिलं. पक्ष्यांची बाग पाहिली. तिथं पक्षीसुद्धा ठरलेल्या वेळेला ओरडत असावेत असं वाटलं. जमिनीखालून धावणारी रेल्वे पाहिली. उतरणारे आधी उतरत होते, चढणारे बाजूला थांबत होते आणि आम्ही तीसजण सवयीप्रमाणे मधे घुसल्यावर अख्खा फलाट आमच्याकडं अत्यंत सभ्यपणे बघत होता. कुणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं. सार्वजनिक संडास पाहिले. आमच्यातल्या एकानं तिथं उभं राहून फोटो काढून घेतला. दुकानं तर इतकी पाहिली की शेवटी सगळ्यांचं मिळून एकच दुकान झालं.

आणि तरी, दुपारनंतर मला कंटाळा आला. एवढ्या नेटक्या गावात हसायला काही सापडेना. जे दिसलं ते ज्या कानात सांगावं, तो कान नवव्या मजल्यावर बसला होता.

संध्याकाळी खोलीत गेलो. डोक्याला उपरणं बांधून साडूभाऊ खिडकीशी खुर्चीत बसले होते. तंबाखूवाचून डोकं ठणकत होतं. आक्कांनी दिलेले धपाटे खाऊन दिवस काढला होता.

"काय काय पाह्यलं?" त्यांनी हौसेनं विचारलं. मी सांगितलं. बाग, रेल्वे, दुकानं. ते लहान मुलासारखं ऐकत राहिले. मग म्हणाले, "मीबी पाह्यलं. या इकडं."

खाली चौक होता. "तो दिवा बघा. लाल माणूस लागला की सगळे थांबतेत. दुपारी तं रस्ता पार मोकळा होता साडू, एक गाडी न्हाई. एकच बाई उभी, हातात पिशवी. कुणी बघंना, पुसंना. तरी उभी! मी आकडे मोजून पाह्यले. हिरवा माणूस लागेपर्यंत ती हालली न्हाई." मग समोरच्या उंच इमारती दाखवल्या. "तिथं लोक राह्यतेत. खिडकीतून बांबू बाहेर काढतेत अन् त्याच्यावर कपडे वाळू घालतेत. सकाळी एकाच टायमाला इतके हात बाहेर आले, जसं काही गावानं आळस दिला."

मी दिवसभर त्या शहरात फिरलो होतो. मला ते हात दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशीही ते वरच राहिले. पहिल्या दिवशी गंमत होती, दुसऱ्या दिवशी तिचं खोटं झालं. आणि खोट्याची तऱ्हा अशी की रोज एक दिवस उशीर झाला की कबूल करायला दोन दिवसांचं बळ लागतं. शिवाय, लाज वाटते पण लिहितो, त्यांच्यावाचून मला मोकळं वाटत होतं. टोपी-पायजम्यातला माणूस शेजारी नव्हता. मला कुणी वहिनी म्हणत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी टोळीपासून मागं राहिलो. बुटानं टाचेला फोड आला होता. लंगडत एका चौकात आलो, बाकीचे पलीकडं पोचले होते. दिवा लाल होता, रस्ता मोकळा होता. मी परतूरचा माणूस. पाऊल टाकलं, अर्ध्यावर गेलो आणि मागून हाक आली. वळून पाहिलं तर गणवेशातला पोलीस माझ्या दिशेनं येत होता.

वाचकहो, थाप मीच मारलेली होती. भिजवलेला वेत माझ्याच डोक्यातून निघाला होता. तरी त्या क्षणी माझ्या पाठीवरून एक थंड रेघ खालपर्यंत गेली. मी पलीकडच्या फुटपाथवर उभा राहून दोन्ही हात जोडले, पासपोर्ट पुढं केला आणि तोंडातून निघालं, "कीप अवे! पॉयझन! सॉरी!"

पोलीस गोंधळला. दिव्याकडं बोट दाखवून त्यानं मान हलवली, पुन्हा असं करू नका म्हणून. मग वाकून माझ्या पायाकडं बोट दाखवलं. बुटाची नाडी सुटली होती आणि मी तिच्यावर पाय देऊन पडेन, हीच त्याला मुख्य काळजी होती. मी नाडी बांधेपर्यंत तो उभा राहिला. मग गेला.

बाजूलाच टोळी हसून लोळत होती. मी हसलो नाही. मला एका मिनिटात जेवढी भीती वाटली, तेवढी घेऊन एक माणूस तीन दिवस खोलीत बसला होता, आणि तीसुद्धा स्वतःच्या पाठीसाठी नव्हे. आज सांगायचंच, असं ठरवून मी तसाच हॉटेलवर परतलो.

साडूभाऊंनी मला पाहिलं आणि दार आतून लावून घेतलं. चोरानं मुद्देमाल दाखवावा तसं मला खिडकीशी नेलं.

"साडू, कुणाला बोलू नका. त्या मोठ्या झाडाखाली बघा."

झाडाखाली एक म्हातारा झाडूवाला होता. गणवेश, डोक्याला टोपी, लांब दांड्याचा झाडू.

"रोज सकाळी येतो. पान पडलं की उचलतो. दुसरं पडेपर्यंत उभा राह्यतो. दुपारी त्या भिंतीमागं बसून डब्यातलं खातो. आज खाल्लं, डबा झाकला, इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, अन्..." साडूभाऊंनी आवाज आणखी खाली आणला. "झाडाच्या बुडाला थुकला!"

त्यांचा चेहरा उजळला होता. चार दिवसांत पहिल्यांदा.

"इथंबी आपलं माणूस हाय साडू. पण त्या गाइड पोरीजवळ चुकून बोलू नका हं. गरीब माणूस. या वयात फटके सोसायचे न्हाईत त्याला."

मी पलंगावर बसलो. जे सांगायला आलो होतो ते तसंच राहिलं. माझ्या थापेतून वाचवायला त्यांना एक माणूस सापडला होता. मी म्हणालो, "नाही बोलणार."

शेवटच्या दिवशी विमानतळाकडं जाताना त्यांनी खिडकीजवळची जागा घेतली, हात मांडीवर, तोंड घट्ट मिटलेलं. हॉटेलचा कोपरा वळताना एकदम म्हणाले, "तो बघा, आपला म्हातारा." आणि कपाळाला हात लावला. म्हातारा पानं भरत होता. त्याला काय माहीत, घनसावंगीचा एक माणूस त्याला रामराम करतोय.

घरी आल्यावर आणखी एक भानगड झाली. साडूभाऊंनी तंबाखू पुन्हा धरलीच नाही. "सुटली तं सुटली," म्हणाले. आक्का वर्षानुवर्षं त्यासाठी उपास करत होत्या. त्यांनी मला मुद्दाम बोलावून आंब्याचा रस वाढला, टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. "तुम्ही होते म्हणून झालं," असं म्हणून डोळ्याला पदर लावला. मी तो नारळ घेतला. घरी नेऊन फोडला आणि त्याची चटणी खाल्ली. सांगतोच आहे तर सगळं सांगतो.

आणि मग सुरू झालं साडूभाऊंचं सिंगापूर. मृग जवळ आला की त्यांच्या दुकानात कपाशीचं बी घ्यायला गर्दी व्हायची. बी घेऊन झालं तरी लोक उठायचे नाहीत. "सांगा की, ते लाल माणसाचं." मग साडूभाऊ खताच्या पोत्यावर बसून सांगायचे. "रस्ता मोकळा. एक गाडी न्हाई. बाई एकटी. कुणी बघंना. तरी उभी!"

"मंग येडीच की ती!" कुणीतरी म्हणायचं.

"येडी न्हाई बाबा. तिच्या मनातच दिवा हाय. आता मोजा माझ्यासंगं." आणि ते आकडे मोजायचे, अगदी सावकाश, आणि सगळं दुकान त्यांच्याबरोबर मोजायचं. मोजणी संपेपर्यंत कुणी हलायचं नाही. मग "हिरवा!" म्हणून ते टाळी वाजवायचे आणि लोक पोती उचलून निघायचे. बांबू धरून बाहेर येणारे हात सांगायचे. झाडाखालचा म्हातारा सांगायचे, पण थुंकल्याचं मात्र कधीच नाही. एवढं करून रोज सकाळी स्वतःच्या दुकानासमोरचा रस्ता स्वतः झाडायचे, आणि एखादं लिंबाचं पान पडलंच तर झाडू धरून दुसऱ्याची वाट बघत उभे राहायचे.

मी चार दिवस फिरून आलेलो. माझं सिंगापूर ऐकायला कुणी पाच मिनिटं थांबलं नाही.

आठ-नऊ वर्षं अशी गेली. मग घनसावंगीला स्वच्छतेची सभा झाली. साडूभाऊंना बोलायला उभं केलं आणि त्यांनी आग्रहानं मला शेजारी बसवलं. त्यांनी सगळं सांगितलं आणि शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे माझे साडू. यांनी येळेवर सावध केलं, न्हाईतर पाठीवर वळ घेऊन आलो असतो. परदेशात माझी जीभ हेच होते." टाळ्या झाल्या. माझ्या गळ्यात हार पडला.

तो हार घेऊन मला त्यांच्या घरापर्यंत चालवेना. वाटेत एका बंद दुकानाच्या पायरीवर मी त्यांना बसवलं आणि सांगून टाकलं. विमानातली वहिनी, बसमधला वेत, सगळं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे तंबाखूला फटके न्हाईत?"

"नाहीत."

"अन् एकामुळं सगळ्यांला वापस पाठवतेत, ते?"

"तेही माझंच."

त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. "मंग त्या म्हाताऱ्याला काही झालं नसंल."

"काय व्हायचं? फार तर दंड."

"बरं झालं," ते म्हणाले आणि खरोखर सुस्कारा सोडला. "मला लय दिवस वाटायचं. आपण पाह्यलं, तसं आणखी कुणी पाह्यलं असंल तं..."

मी वाट बघत होतो. शिवी द्या म्हणत होतो मनातल्या मनात. त्यांनी माझ्याकडं न बघता, जसं काही रस्त्यालाच विचारावं तसं विचारलं, "मंग मी तिथं काहून बसून राह्यलो वो, साडू?"

मी गळ्यातला हार काढून हातात घेतला.

ते उठले, टोपी झटकून घातली. "चला. चहा ठेवला असंल." घरी गेल्यावर आक्कांनी हार पाहून कौतुक केलं. साडूभाऊंनी काहीच सांगितलं नाही. चहात साखर बराबर आहे का, एवढंच मला विचारलं. तंबाखूही पुन्हा धरली नाही, संबंधही तोडले नाहीत. दिवाळीला फराळाचा डबा आला. मला वाटलं, निभावलं.

पुढच्या मृगाच्या आधी मी काही कामानं घनसावंगीला गेलो होतो. दुकानात आठ-दहा शेतकरी बसलेले. बी घेऊन झालं आणि एकजण नेहमीप्रमाणे साडूभाऊंना म्हणाला, "आता सांगा, तात्या. ते सिंगापूरचं."

साडूभाऊ चाळणीत बी नीट करत होते. मान वर न करता म्हणाले, "ते साडूला इचारा. ते फिरून आलेत. मी कुठं पाह्यलं?"

रागानं नाही. गिऱ्हाईकाला पलीकडच्या दुकानात धाडायचे, त्याच आवाजात.

सगळे माझ्याकडं वळले. मी बाग सांगितली, रेल्वे सांगितली, नाडीचा किस्सासुद्धा सांगितला. दोघे-तिघे हसले. मग तो शेतकरी म्हणाला, "ते ठीक हाय, पण लाल माणसाचं सांगा. ती बाई किती आकडे होईपर्यंत उभी होती? तात्या मोजून दाखवायचे. वीस, का पंचवीस?"

मी साडूभाऊंकडं पाहिलं. त्यांना माहीत होतं. त्यांची बोटं बियांतून फिरत होती आणि क्षणभर ती थांबली, असं मला वाटलं. पुन्हा फिरू लागली.

"माझ्या लक्षात नाही," मी म्हणालो.

लोकांनी पिशव्या उचलल्या आणि ते निघाले, मोजल्यावाचून.